प्रश्न तुमचे : आठवडे कुठून मोजायचे, सही कुणाची, आणि पोटातल्या बाळाचा वाटा

गर्भपात आणि न जन्मलेल्या बाळाचे कायदेशीर हक्क या विषयावर पुणे आणि आसपासच्या वाचकांची बरीच पत्रं आली. त्यातली काही इथे घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे. उत्तरं स्त्रीरोगतज्ज्ञ आणि वकील यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : मुलगी दीड वर्षाची आहे. तांबी बसवलेली असूनही दिवस गेले. आता सातवा आठवडा चालू आहे. जवळच्या दवाखान्यात नवऱ्याची सही आणायला सांगितलं. नवरा परगावी असतो आणि त्याचं मत वेगळं आहे. सासूबाई म्हणतात, हा गुन्हा आहे, आत जाशील. खरं काय? (धायरी)

सही तुमची एकटीची. वैद्यकीय गर्भपात कायदा १९७१, कलम ३, पोटकलम ४ : स्त्री अठरा वर्षांची असेल आणि मनोरुग्ण नसेल तर तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येत नाही, आणि तिच्याखेरीज दुसऱ्या कुणाची संमती लागत नाही. हा संमतीचा कागद म्हणजे फॉर्म सी. त्यावर नवऱ्याच्या सहीसाठी जागाच नाही. तरीही अनेक दवाखाने ती मागतात, कारण उद्या नवरा येऊन आरडाओरडा करील ही भीती. ती भीती तुमच्यावर लादायचा त्यांना अधिकार नाही. 'नवऱ्याच्या सहीशिवाय करणार नाही हे लेखी द्या' असं शांतपणे म्हणा. बहुतेक वेळा सूर तिथेच बदलतो. नाहीच बदलला तर वाद घालत आठवडा घालवू नका. ससूनला जा किंवा दुसरं मान्यताप्राप्त रुग्णालय गाठा. खासगी ठिकाणी मान्यतेचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, दर्शनी भिंतीवर लावलेलं असलं पाहिजे. ते आधी बघा.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धंच लोकांच्या डोक्यात बसलं आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ नुसार गर्भपात घडवून आणणं आजही गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि गर्भाची हालचाल जाणवू लागल्यानंतर सात वर्षांपर्यंत. स्वतःचा गर्भ स्वतः पाडणारी स्त्रीही त्यात येते. १९७१चा कायदा त्या गुन्ह्यातून काढलेली वाट आहे. नोंदणीकृत डॉक्टर, मान्य जागा, ठरलेली मुदत आणि कायद्याने मान्य केलेलं कारण, एवढं जमलं की गुन्हा होत नाही. ही वाट ज्या समितीच्या अहवालावरून निघाली तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. कायदा १ एप्रिल १९७२ पासून लागू आहे.

तुमचं कारण कायद्यात थेट लिहिलेलं आहे. गर्भनिरोधक फसल्यामुळे राहिलेल्या गर्भाने स्त्रीच्या मनाला गंभीर इजा होते, असं कायदा गृहीत धरतो. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं.

आता कायद्याहून तातडीची गोष्ट. तांबी असताना दिवस राहिले की गर्भ पिशवीऐवजी नळीत असण्याची शक्यता वाढते. त्यामुळे आधी सोनोग्राफी. गर्भ पिशवीतच आहे हे दिसल्यावर तांबी काढायची आणि मगच गोळ्या किंवा व्हॅक्यूम. तांबी आत ठेवून गोळ्या घेऊ नका. बारा आठवड्यांपर्यंत व्हॅक्यूमने पिशवी रिकामी करायला पाच ते पंधरा मिनिटं लागतात. धातूच्या चमच्याने खरवडण्याची, लोक ज्याला 'क्युरेटिन' म्हणतात ती पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने कधीच बाद ठरवली आहे. तुमच्यासाठी काय वापरणार, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

प्रश्न : नवऱ्याने मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्यांचं किट आणलं. चिठ्ठी नव्हती. पाचही गोळ्या एकदमच गिळल्या. वीस दिवस झाले, अंगावरून जातंच आहे. डॉक्टरांकडे गेले तर पोलिसात कळवतील का? (हडपसर)

आधी हे तपासा. तासाला दोन पॅड पूर्ण भिजतात आणि असं सलग दोन तास चाललं आहे का? ताप ३८ अंशांच्या वर आहे का? घाण वास येतो का? चक्कर येते, किंवा पोटात एका बाजूला जीवघेणी कळ येते का? यातलं एकही असेल तर हे वाचणं थांबवा आणि रुग्णालयात जा. कळ एका बाजूला असेल आणि खांद्यात दुखत असेल तर नळीतला गर्भ फुटलेला असू शकतो. तिथे तासांचाच प्रश्न असतो.

यातलं काही नसेल आणि रक्तस्राव दिवसेंदिवस कमी होत डागांवर आला असेल, तर तीन-चार आठवडे डाग दिसणं गोळ्यांनंतर होऊ शकतं. तरीही तपासणी हवीच, कारण गोळ्या घेण्याची पद्धत चुकली आहे. किटमध्ये दोन वेगळी औषधं असतात : मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि मिसोप्रोस्टॉल २०० मायक्रोग्रॅमच्या चार. पहिली गोळी गर्भाला धरून ठेवणाऱ्या संप्रेरकाचं काम थांबवते आणि पिशवीला दुसऱ्या औषधासाठी तयार करते. त्याला २४ ते ४८ तास लागतात. त्यानंतर चार गोळ्या गालात, जिभेखाली किंवा योनिमार्गात ठेवायच्या असतात. सगळ्या एकदम गिळल्या की तयारी होण्याआधीच कळा येतात आणि काम अर्धवट राहण्याचा धोका वाढतो. पुष्कळ जणी मग घाबरून दुसरं किट आणतात. तसं अजिबात करू नका.

काउंटरवर किट देणारा न विचारताच देतो. त्याने चार गोष्टी विचारायला हव्या होत्या : नऊ आठवडे उलटले का, सोनोग्राफी झाली का, हिमोग्लोबिन किती, रक्तगट निगेटिव्ह आहे का. हिमोग्लोबिन आठच्या खाली असेल तर घरी गोळ्या घेणं धोक्याचं. गट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांना विचारायचं असतं. नऊ आठवड्यांच्या आत असलेल्या बाईने चिठ्ठी घेऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलं तर हे औषध चांगलं आणि सुरक्षित आहे. दोष औषधाचा नाही.

पोलिसांची भीती मनातून काढा. सज्ञान स्त्रीचा अर्धवट गर्भपात पोलिसांना कळवायचं बंधन डॉक्टरांवर नाही. डॉक्टरांना 'आपोआप झालं' असं सांगू नका. गोळ्या कधी, किती, कशा घेतल्या ते जसंच्या तसं सांगा, त्यावर उपचार ठरतात. आणखी दोन सूचना. लघवीची चाचणी तीन-चार आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, त्याने घाबरू नका. सोनोग्राफीत 'अस्तर जाड' एवढंच लिहून आलं, रक्तस्राव थोडाच आहे आणि ताप नाही, तर लगेच पिशवी साफ करायची गरज असतेच असं नाही. तेव्हा दुसरं मत घ्या.

प्रश्न : सूनबाईंच्या २१ आठवड्यांच्या सोनोग्राफीत बाळाच्या हृदयात दोष दिसला. एक डॉक्टर म्हणतात वेळ आहे, दुसरे म्हणतात गेली. आमच्या हिशेबाने पाचवाच लागलाय. नक्की मुदत कुठली? (कोथरूड)

आपल्याकडे 'पाचवा लागला' म्हणजे चार पुरे झाले. कायदा महिने बघत नाही, आठवडे बघतो, आणि तेही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. उदाहरण घ्या. पाळी १ जानेवारीला आली आणि वर्ष लीप नाही. नऊ आठवडे ५ मार्चला पुरे होतात, वीस २१ मेला, चोवीस १८ जूनला. पाळी अनियमित असेल तर पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीत बाळाची लांबी मोजून काढलेली तारीख धरतात. पाळीची तारीख आणि या सोनोग्राफीची तारीख यांत सातापेक्षा जास्त दिवसांचा फरक असेल तर सोनोग्राफीची तारीख खरी. नवव्या आठवड्याच्या आतल्या सोनोग्राफीत पाचपेक्षा जास्त दिवसांचा फरक पुरतो. तुमच्या दोन डॉक्टरांचा वाद बहुधा इथेच आहे. एक पाळीवरून मोजतात, दुसरे सोनोग्राफीवरून. म्हणून पहिल्या तिमाहीचा तो रिपोर्ट शोधून फाइलच्या सगळ्यात वर लावा. पुढच्या प्रत्येक टेबलावर तोच विचारला जाईल.

गर्भपात कायद्यातली २०२१ची दुरुस्ती २४ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाली. त्यानुसार वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि स्त्री नियमांत दिलेल्या गटांपैकी एकात बसावी लागते. बाळात जगण्याशी विसंगत किंवा गंभीर अपंगत्व आणणारा दोष असणं हा त्यातला एक गट. म्हणजे चोवीसपर्यंत तुम्हाला कोर्टही नको आणि वैद्यकीय मंडळही नको. चोवीसनंतर गर्भात ठळक दोष असेल तर वैद्यकीय मंडळ, त्यासाठी वरची मर्यादा नाही. मंडळात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, सोनोग्राफीतज्ज्ञ आणि राज्याने नेमलेले इतर असतात. पुण्यात हे मंडळ ससूनला, म्हणजे बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. अर्ज मिळाल्यापासून तीन दिवसांत मत आणि पाच दिवसांत प्रक्रिया, असं नियम म्हणतात.

तुमच्या हातात जे तीन आठवडे आहेत ते असे वापरा. पहिल्या दोन दिवसांत फीटल मेडिसिनच्या, म्हणजे गर्भातल्या बाळाच्या आजारांच्या, तज्ज्ञाकडून बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी. त्याच दिवशी गर्भजलाच्या तपासणीबद्दल विचारा. गुणसूत्रांचा पूर्ण अहवाल यायला दोन-तीन आठवडे लागतात, तर ठरावीक गुणसूत्रांची झटपट चाचणी तीन-चार दिवसांत येते. झटपट चाचणी मागून घ्या, नाहीतर वाट बघण्यातच मुदत निघून जाते. बालहृदयतज्ज्ञाला समोरासमोर भेटून तीन गोष्टी विचारा : जन्मल्यावर किती शस्त्रक्रिया, कुठल्या वयात, आणि त्यानंतर आयुष्य कसं. हृदयाचे सगळे दोष सारखे नसतात. पडद्यातलं छोटं छिद्र पुष्कळदा आपोआप बुजतं. डावा कप्पाच न वाढलेला असणं ही वेगळी गोष्ट आहे. एका ओळीच्या रिपोर्टवर गर्भ पाडू नका, आणि एका आश्वासनावर वाढवूही नका.

उशीर कुठे होतो, तेही सांगतो. दोषांची सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत व्हायला हवी. वरच्या उदाहरणात ७ ते २१ मे. लोक अपॉइंटमेंट बावीसाव्यात घेतात. रिपोर्टवर 'पुन्हा दोन आठवड्यांनी' असं लिहिलेलं असतं, ते तसंच पाळतात. शनिवार-रविवार जातो. कुणीतरी नातेवाईक सांगतो की मुंबईला दाखवा. आणि सोळाव्या दिवशी फाइल आमच्याकडे येते.

मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालय. पुणे जिल्हा मुंबईच्या मुख्य पीठाखालीच येतो. कोल्हापूरला २०२५मध्ये सुरू झालेल्या खंडपीठाच्या सहा जिल्ह्यांत पुणे नाही. वकिलाची फी झेपत नसेल तर स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते. शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. मंडळाचा शब्द शेवटचा नाही. जानेवारी २०२३मध्ये ३२ आठवडे उलटलेल्या एका स्त्रीला, गर्भात गंभीर दोष असताना, मंडळाचं मत विरुद्ध असूनही मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी दिली. निवड तिची आहे, मंडळाची नाही, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं.

गर्भपात करायचं ठरलं तर सूनबाईंना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, रुग्णालयात बऱ्याचदा कुणी सांगत नाही. या महिन्यांत गर्भ गेला की दोन-चार दिवसांनी छातीत दूध येतं. तयारी नसेल तर तो क्षण फार कठीण जातो. दूध थांबवायला गोळी मिळते, घरी सोडण्याआधीच मागून घ्या. आणि गर्भाची तपासणी, निदान जनुकीय नमुना तरी, करून घ्या. पुढच्या वेळी काय बघायचं ते त्यावरून ठरतं.

प्रश्न : माझा भाऊ अपघातात गेला. वहिनी तीन महिन्यांच्या गरोदर. वडील नाहीत, आई आहे. भावाच्या नावावर फ्लॅट आहे. काही नातेवाईक म्हणतात, मूल झालं तर वाटा द्यावा लागेल, आताच मोकळं करून घ्या. काही म्हणतात, वंशाचा दिवा आहे, तिला पाडू देऊ नका. कायदा कोणाच्या बाजूने? (हवेली तालुका)

दोन्ही गटांच्या विरुद्ध. गर्भ ठेवायचा की नाही हे वहिनी ठरवतील, आई नाही, दीर नाही. वैधव्य आल्यामुळे त्यांना चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा आहे. त्यांच्या संमतीशिवाय कुणी गर्भ पाडला तर न्याय संहितेचं कलम ८९ : जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत शिक्षा. 'मोकळं करून घ्या' म्हणणाऱ्यांना हे मोठ्याने वाचून दाखवा.

आता वाटा. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६, कलम २० : मृत्यूच्या वेळी गर्भात असलेलं मूल पुढे जिवंत जन्मलं, तर ते आधीच जन्मलेलं असल्यासारखं वारस होतं, आणि हक्क मृत्यूच्या दिवसापासून धरला जातो. फ्लॅट भावाने स्वतः घेतलेला असेल आणि मृत्युपत्र नसेल तर पत्नी, आई आणि बाळ यांना प्रत्येकी एक तृतीयांश. बाळ जिवंत जन्मलं नाही तर पत्नी आणि आई यांना निम्मा-निम्मा. तुम्हाला काहीच नाही, कारण पहिल्या वर्गातले वारस असताना भाऊ येत नाही. मुलगा की मुलगी याने फरक पडत नाही. वहिनींनी पुन्हा लग्न केलं तरी त्यांचा वाटा जात नाही.

म्हणून बाळंतपणापर्यंत वाटणीपत्र, हक्कसोड, विक्री काहीही करू नका. वारसनोंदीच्या अर्जात 'पत्नी गरोदर आहे' असं लिहून ठेवा आणि सोनोग्राफीची प्रत जोडा. बाळाला वगळून केलेली वाटणी पुढे कोर्टात उघडली जाते, तेव्हा फ्लॅट विकत घेणाराही अडकतो. जन्मानंतर आई ही नैसर्गिक पालक, पण बाळाचा वाटा विकायचा तर तिलाही जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते.

प्रश्न : सहाव्या आठवड्यात ठोका दिसतो. पोटातल्या बाळाला कायदा वाटा देतो, मग जगण्याचा हक्क का नाही? हा दुटप्पीपणा नाही का? (सदाशिव पेठ)

प्रश्न मनापासूनचा आहे, आणि ठोक्याचं म्हणणं खरं आहे. पण वरचं उत्तर पुन्हा बघा : वाटा जिवंत जन्मल्यावरच मिळतो. तोवर कायदा तो राखून ठेवतो. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १३ न जन्मलेल्यासाठी मालमत्ता ठेवू देतं, पण मधे एक जिवंत माणूस धरावा लागतो. दुसऱ्याने गर्भाला इजा केली तर न्याय संहितेची ९१ आणि ९२ ही कलमं आहेत. फाशीची शिक्षा झालेली स्त्री गरोदर निघाली तर उच्च न्यायालय तिची शिक्षा जन्मठेपेत बदलतं. म्हणजे जगापासून गर्भाचं रक्षण कायदा करतो. ज्या शरीरात तो वाढतो त्या शरीराच्या विरुद्ध मात्र त्याला सुरुवातीपासून वेगळी व्यक्ती म्हणून उभं करत नाही.

ही सीमा पुसट होते ती चोवीस आठवड्यांच्या आसपास, कारण तिथून पुढे बाळ बाहेर जगण्याची शक्यता वाढत जाते. ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयात हेच झालं. बाळंतपणानंतरच्या मानसिक आजाराशी झगडणारी, दोन मुलांची आई. ९ तारखेला दोन न्यायमूर्तींनी परवानगी दिली. मग एम्सच्या डॉक्टरांनी विचारलं, बाळ जगू शकतं, त्याचा ठोका थांबवायचा का? ११ तारखेला त्याच दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी झाली. १६ तारखेला तीन न्यायमूर्तींनी नकार दिला. गर्भ २६ आठवडे ५ दिवसांचा होता, त्यात दोष नव्हता आणि आईच्या जिवाला तातडीचा धोका नव्हता. आईचा जीव वाचवायला गर्भपात तातडीने करावाच लागत असेल तर मात्र कुठल्याही आठवड्यात, मंडळाशिवाय करता येतो. ते गर्भपात कायद्याचं कलम ५.

आमचं मत विचाराल तर, बाळाबद्दल ज्यांना आस्था आहे त्यांनी तिसाव्या आठवड्यावर वाद घालण्यापेक्षा आठव्या आठवड्यातला नकार थांबवावा. उशिराच्या प्रकरणांची फाइल उघडली की आत बहुतेकदा कुणीतरी परत पाठवल्याची चिठ्ठी असते.

प्रश्न : दवाखान्यात पाटी आहे, 'गर्भपात करणे गुन्हा आहे'. दोन मुली असलेल्या बाईला तर दारातूनच परत पाठवतात. (भोसरी)

पाटी चुकीची आहे. गुन्हा आहे तो गर्भलिंगनिदान. महाराष्ट्राने त्याविरुद्ध १९८८मध्ये, देशाने १९९४मध्ये कायदा केला. गरज खरीच होती : राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे २००१मध्ये ९१३ मुली होत्या, २०११मध्ये ८९४. पण 'स्त्रीभ्रूणहत्या' या शब्दाने दोन कायद्यांची सरमिसळ झाली. सात-आठ आठवड्यांत सोनोग्राफीवर लिंग कळतच नाही. तेव्हा आलेल्या बाईला मुली किती हे विचारून परत पाठवलं, तर ती चौदाव्या आठवड्यात वाकड्या वाटेने जाते. पाटीचा फोटो काढून महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार करा.

प्रश्न : भाची सोळाची. दहा आठवडे झाले आहेत. पोलीस केस नको आहे. (सिंहगड रस्ता)

अठराच्या आतली असल्याने पालकाची लेखी संमती लागेल, आणि पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं डॉक्टरांना टाळता येत नाही. पण २९ सप्टेंबर २०२२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की मुलीने आणि पालकाने विनंती केल्यास कळवताना तिचं नाव आणि ओळख देण्याची गरज नाही. ही विनंती लेखी द्या, प्रत ठेवा. गुन्हा नोंदवायचा असेल तर गर्भाचा नमुना डीएनएसाठी राखायला सांगा : सलाइनमध्ये, थंड ठेवून. फॉर्मॅलिनमध्ये घातला की डीएनए खराब होतो.

प्रश्न : मी अविवाहित, होस्टेलवर राहते. लग्नाचा दाखला मागतील का? घरी कळेल का? (डेक्कन)

दाखला लागत नाही. २०२१च्या दुरुस्तीत 'पती' या शब्दाच्या जागी 'जोडीदार' आला, आणि २०२२च्या त्याच निकालाने वीस ते चोवीस आठवड्यांची सवलतही अविवाहित स्त्रियांना मिळाली. तुमची माहिती कायद्याने अधिकार नसलेल्या कुणाला दिली तर डॉक्टरांना एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. भरतीची नोंदवही गोपनीय असते, इतर कागदांवर तुमच्या नावाऐवजी अनुक्रमांक येतो. जाताना वयाचा पुरावा, रक्तगटाचा रिपोर्ट असेल तर तो, आणि शेवटच्या पाळीची तारीख कागदावर लिहून न्या. त्या दिवशी परत येताना सोबत एक मैत्रीण असू द्या आणि फोन चार्ज असू द्या.